मार्फत : देवमन इंगळे

अकोला, १८ ऑगस्ट १९६३

शाळेच्या इमारत निधीसाठी ठेवलेला सिनेमाचा खेळ आज सकाळी पार पडला. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं माझ्या गळ्यात घातलं होतं, "गावंडेबाई, तुम्हाला सिनेमाची आवड आहे ना" असं म्हणून. त्यांना कुठून कळलं कोण जाणे. घरी तर मी अवाक्षर काढत नाही. विधवा बहीण सिनेमाच्या कथा लिहीत बसते हे पंजाबदादाला कळलं तर तो आधी हसेल आणि मग वही चुलीत घालेल.

चित्रपटाच्या पेट्यांबरोबर अमरावतीच्या वितरकांचे प्रतिनिधी आले होते, देवमन इंगळे म्हणून. तिशीचे असतील. गावोगाव चित्रपट घेऊन जायचा आणि टॉकीजवाले तिकिटांत लबाडी करत नाहीत ना ते पाहायचं, असं त्यांचं काम. खेळ चालू असताना ते रांगारांगांतून डोकी मोजत फिरले. टॉकीजचे मॅनेजर नत्थुजी दारात उभे राहून त्यांच्याकडे खाऊ की गिळू असे पाहत होते. नत्थुजी दादाचे मित्र. घरी येतात तेव्हा फार गोड बोलतात.

मध्यंतरात मी म्हणून गेले की नायिकेने ते पत्र फाडायला नको होतं, फाडलं तिथेच गोष्ट संपली. इंगळे चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"तुमी लिहिता का, बाई?"

मी हो म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी हो म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. डिसेंबरात अमरावतीला वितरकांच्या मंडळातर्फे चित्रपट महोत्सव भरणार आहे. पुण्या-कोल्हापूरचे निर्माते, दिग्दर्शक येणार. नव्या पटकथा मागवल्या आहेत, त्यातल्या चार निवडून त्यांच्यासमोर वाचायच्या. मात्र परस्पर पाठवलेली घेत नाहीत, धंद्यातल्या कोणाच्या तरी मार्फत यावी लागते.

"माझ्या ओळखीचं धंद्यात कोणी नाही," मी म्हणाले.

"मी हावो ना."

मी विचारलं, इंगळे म्हणजे तेल्हाऱ्याकडचे का? तिकडे आमच्या नात्यातले इंगळे आहेत. ते म्हणाले, "नाई, दर्यापूरकडचे." फार सज्जन माणूस वाटला.

२६ ऑगस्ट

वही त्यांना शुक्रवारी वाचायला दिली होती, आज शाळेत येऊन परत दिली. जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. आधी राग आला.

माझी गोष्ट एका सुईणीची आहे. अख्खं गाव तिच्या हातून जन्मलेलं. तिच्याच हातून जन्मलेला मुलगा सरपंच होतो, गावात दवाखाना आणतो, नर्स येते आणि सुईणीला बोलावणं बंद होतं. मग एके दिवशी नर्स गावाला गेलेली असते आणि सरपंचाची बायको अडते. लहानपणी तेल्हाऱ्याला आमच्या घरी गावकुसाबाहेरची एक सुईण यायची, तिच्यावरून सुचलं. नाव 'सुईण' एवढंच.

"तुमी लिहिलं हाय, तिला फार वाईट वाटले," इंगळे म्हणाले. "कॅमेऱ्याले वाईट कसं दिसन, बाई? ती काय करते ते लिहा. हात काय करतात, कुठी पाहते. आन माणसं लय बोलतात तुमची. अर्धं बोलणं काढून टाका, कोणाले पत्ता लागणार नाई."

सगळं खरं होतं. त्यांच्यासारखा वाचणारा मला यापूर्वी मिळाला असता तर. महिनाभरात नवीन लिहून द्यायचं कबूल केलं.

२६ सप्टेंबर

झाली. एकशे बारा पानं, रोज पहाटे उठून लिहिलेली. आज मधल्या सुट्टीत इंगळे आले, व्हरांड्यात उभ्याउभ्याच शेवटची चार पानं वाचली आणि वही मिटली. मग म्हणाले, "बाई, हे उभं राहीन." अमरावतीत टाइप करून तीन प्रती काढतील. वही घेऊन गेले. एकच प्रत आहे, पण त्यांच्याजवळ आहे म्हणजे काळजी नाही.

जाताना म्हणाले, "लगेच टायपिंगले देतो असं नाई. उद्या दसरा. आईले घेऊन नागपूरले जातो, दीक्षाभूमीवर. आल्यावर देतो."

मी बरं म्हणाले. घंटा झाली.

२७ सप्टेंबर

सोनं वाटून आले. पाय दुखताहेत.

तर इंगळे बौद्ध आहे. मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या वर्गात तशा पाच मुली आहेत आणि मी त्यांना पुढच्या बाकावर बसवते, हे सगळ्या शाळेला माहीत आहे. फक्त त्याने पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, एवढंच. मी विचारलं तेव्हा दर्यापूरकडचे म्हणाला. सरळ माणूस सरळ सांगतो.

आणि वहीची पोच घ्यायची राहिली. घ्यायला हवी होती.

१२ ऑक्टोबर

पंधरा दिवसांनी त्याचं कार्ड आलं. "टायपिंग चालू आहे. काळजी नसावी." मी काळजी करते असं त्याला का वाटलं? ज्याच्या मनात काही नाही तो असं लिहीत नाही.

एकशे बारा पानं टाइप करायला पंधरा दिवस लागतात का? शाळेतल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, करणाऱ्यावर आहे.

२० ऑक्टोबर

घरी कळलं. नत्थुजींनी दादाला सांगितलं की तुमची बहीण त्या रिप्रेझेंटेटिव्हशी शाळेत उभी राहून बोलते. मग मीच वहीचं सांगून टाकलं. मला वाटलं होतं दादा लिहिण्यावरून चिडेल. ते त्याने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

"लिहितं तर लिही. पण त्याच्या हाती काहून देलं?"

"मग कोणाच्या हाती देणार होते?"

"नत्थुजी नव्हते का? घरचा माणूस."

कौशल्यावहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "नत्थुजीले कागद वाचता येते का, तिकिटाबिगर?" दादाने तिच्याकडे पाहिलं तशी तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

मी दादाला सांगितलं की हा प्रश्न जातीचा नाही, विश्वासाचा आहे. तो म्हणाला, "तेच तर म्हणून राहिलो मी."

१ नोव्हेंबर

इंगळे आज शाळेत आला होता. मला तास नव्हता, तरी शिपायाकडून निरोप पाठवला की बाई वर्गात आहेत. का ते माहीत नाही. समोर गेले असते तर वही मागितली असती आणि तो चिडला असता तर? खिडकीतून दिसला. अर्धा तास कडुनिंबाखाली उभा होता. मग चिठ्ठी ठेवून गेला. "एका कागदावर आपली सही हवी होती. तारीख जवळ आली आहे. आपण भेटला नाहीत तर मी माझ्या परीने भरून पाठवतो."

काय भरून पाठवतो?

दादाला चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, "सह्या घेऊनच तर लोकाच्या जमिनी गेल्या." मी सही केली नाही ते बरंच झालं.

१७ नोव्हेंबर

जे व्हायचं ते झालं. नत्थुजी काल अमरावतीला गेले होते. वितरकांच्या मंडळात भिंतीवर आलेल्या पटकथांची यादी लावली आहे. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. क्रमांक नऊ. सुईण. पुढे नाव, देवमन इंगळे.

"माझं नाव?"

"तुमचं नाव कुठीच नाई, बाई."

सहा वर्षं. नवऱ्याच्या तेराव्यानंतर सासरच्या घरात अंगणाकडे पाठ करून मी पहिलं पान लिहिलं होतं. मी रडतेय का ते बघायला कोणी ना कोणी येत होतं आणि मी लिहीत होते.

दादा म्हणाला, "आता लिही. त्याच्या मालकाले लिही."

१८ नोव्हेंबर

मालक म्हणजे रामरावजी. महोत्सव समितीचे अध्यक्षही तेच आहेत, म्हणजे एका पत्रात दोन्ही कामं. पत्र मी लिहिलं. "आपला नोकर देवमन इंगळे याने माझे हस्तलिखित विश्वासाने नेऊन स्वतःच्या नावाने दाखल केले आहे." शेवटचं वाक्य दादाने सांगितलं. "असल्या लोकांच्या हाती अशी कामे सोपवली की असेच व्हायचे." मी म्हणाले हे नको. दादा म्हणाला, "मग त्याले जोर येत नाई." जोर यायला हवा होता. लिहिलं.

स्वतः जाऊन रजिस्टर केलं. मन मोकळं झालं.

२४ नोव्हेंबर

काय लिहू.

काल इंगळेचं पार्सल आलं. त्यावर शिक्का १८ तारखेचाच. माझं पत्र गेलं त्याच दिवशी त्याने हे पाठवलं होतं. आत टाइप केलेली स्वच्छ प्रत, माझी वही नव्या खाकी कागदाचं वेष्टण घातलेली, आणि नियमांचा छापील कागद. प्रतीच्या पहिल्या पानावर, 'सुईण. लेखिका, श्रीमती वच्छला गावंडे, अकोला.'

नियम चौथा. परीक्षकांना लेखकाचे नाव कळू नये म्हणून ते बंद पाकिटात, लेखकाच्या सहीने द्यावे. यादीत फक्त ज्यांच्या मार्फत पटकथा आली त्यांचे नाव राहील.

सोबत त्याची चिठ्ठी. "सहीसाठी आलो होतो, भेट झाली नाही. पाकिटात आपले नाव मी लिहिले व खाली 'लेखिका परगावी' असा शेरा मारून मी सही केली. समितीने मान्य केले. टाइप करणारा कुणी मिळाला नाही म्हणून संध्याकाळी ऑफिसातल्या यंत्रावर मीच केले, उशिराबद्दल माफी असावी."

नत्थुजींना निरोप पाठवला, यादीवर वर मथळा काय होता? ते म्हणाले, मथळा कोण वाचते.

आता ताबडतोब रामरावजींना दुसरं पत्र टाकायला हवं. उद्या पहिलं काम ते.

२७ नोव्हेंबर

पत्र टाकलं नाही. सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत. शिवाय काय लिहायचं? "पहिले पत्र चुकून लिहिले गेले" असं लिहिलं आणि फाडलं. पत्र चुकून कसं लिहिलं जाईल?

३० नोव्हेंबर

निवड झाली! सव्वीस पटकथांतून चार, त्यात माझी. १० डिसेंबरला दुपारी वाचन. पत्रावर रामरावजींची सही आहे. इंगळेबद्दल एक अक्षर नाही, म्हणजे त्यांनी माझं पत्र फार मनावर घेतलं नसावं. आता आठ-दहा दिवसांनी जायचंच आहे तर समक्षच सांगेन. तोंडाने सांगितलेलं बरं.

वहिनीने साखर हातावर ठेवली. दादा म्हणाला, "पाहा, पत्र लिहिलं म्हणून झालं."

अमरावती, १० डिसेंबर

वहिनीबरोबर आले. बडनेऱ्याला उतरून टांग्याने. तिच्या बहिणीकडे उतरलो आहोत.

मंडपात पाऊल टाकलं तेव्हा पहिल्यांदा इंगळेला शोधलं. दिसला नाही. रामरावजी स्वतः पुढे आले, पांढरंशुभ्र धोतर, गोड बोलणं. मी म्हणाले, "ते पत्र... त्यात माझी चूक झाली होती."

"ते झालं ना आता, बाई. यादी पाहूनच समजलं आमाले. गैरसमज झाला, मिटला."

"मग इंगळे कुठे आहेत?"

"त्याले मोकळं केलं. कोणाचं तरी पत्र येते, बोभाटा होते, महोत्सव तोंडावर. धंद्यात तसं ठेवता येत नाई. चला, तुमचा नंबर पहिला हाय."

आणि मी गेले. हेच लिहायचं आहे. मी तिथून वळले नाही, व्यासपीठावर गेले आणि वाचलं.

चाळीस मिनिटं कोणी खोकलं नाही. शेवटी सरपंचाची बायको सुटते, तिथे मागून एका माणसाने रुमाल काढला. मग पुण्याचे दिग्दर्शक बोलले. उंच, चष्म्याचे, आवाज अगदी हळू.

"गोष्ट उत्तम आहे. मला एक सांगा. ही बाई राहते कुठे?"

"गावाच्या पलीकडे. ओढ्याच्या..."

"ते नाही. तिचं घर. सरपंचाच्या घरात आपण सहा वेळा जातो. दवाखान्यात जातो, शाळेतसुद्धा जातो. हिच्या घरात एकदाही नाही. ती काय खाते? तिला कोण आहे? तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलले. ते म्हणाले, "ते दृश्य लिहा. जानेवारीअखेरपर्यंत पाठवा. त्यावरून ठरवू."

सगळे अभिनंदन करत होते. गैरसमज हा शब्द मी दिवसभर मनात घोळवते आहे. चांगला शब्द आहे. त्यात कोणीच काही केलेलं नसतं.

११ डिसेंबर

ऑफिसच्या शिपायाकडून पत्ता काढला. फ्रेजरपुरा. वहिनी म्हणाली, मी पण येतो.

दारात त्यांची आई बसली होती, सुंदराबाई. मी नाव सांगितलं. त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि आत वळून म्हणाल्या, "देवमन, पत्रवाल्या बाई आल्या."

इंगळे बाहेर आले. मी हात जोडले आणि बोलायला लागले. चूक झाली, घाईत लिहिलं, यादीचा मथळा... ते ऐकत होते. मग म्हणाले, "पत्रात काय लिहिलं होतं ते आठोते का तुमाले?"

"आठवतं."

"मले पण आठोते. रामरावजीनं ऑफिसात सगळ्याइले बोलावलं. मुनीम, टायपिस्ट, पेट्या उचलणारे. आन पत्र मायाच हाती देलं. म्हणे, तूच वाच मोठ्यानं. मी वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं."

वहिनीने पदर तोंडाशी घेतला.

"तुमी चोर म्हटलं त्याचं उत्तर यादीत होतं," ते म्हणाले. "ते दुसऱ्याच दिवशी झालं. त्या शेवटच्या ओळीचं उत्तर मी कोठून आणू?"

त्यांच्या आईने आम्हाला सतरंजीवर बसवलं. आणि इथे मी खरं लिहिते. तिथे मान खाली घालून बसलेली असताना मी पाहत होते. चूल कोणत्या कोपऱ्यात आहे, भांडी कशी मांडली आहेत, भिंतीवर कोणता फोटो आहे. दिग्दर्शकांना दृश्य हवं होतं ना. सुंदराबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या लक्षात आलं असावं.

निघताना मी विचारलं, "दिग्दर्शकांनी विचारलं की सुईणीचं घर कुठे आहे. तुम्ही वाचलं होतंत. तुम्हाला जाणवलं नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इंगळे कुठचे विचारलं होतं, बाई. तवाच समजलं होतं, हे आत्ता सांगू नये."

परत आल्या आल्या ही रोजनिशीची वही काढली. उद्या रामरावजींकडे जाऊन तारखांसह सगळं लिहून द्यायचं ठरवलं, म्हणून मागची पानं चाळली. सव्वीस सप्टेंबरपर्यंत मी लिहिलं आहे, ते आले, ते म्हणाले, त्यांनी सांगितलं. सत्तावीसपासून तो. तो आला. त्याने ठेवलं. एकाही ठिकाणी चूक नाही, जशी काही मला कोणी ताकीद दिली होती. पोच, टायपिंग, सही, ही सगळी कारणं त्या 'तो'नंतर सुचलेली आहेत.

१२ डिसेंबर

ऑफिसात गेले. रामरावजींना म्हणाले, "माझं पहिलं पत्र ज्यांच्यासमोर वाचलं, त्यांना सगळ्यांना बोलवा. मला दुसरं वाचायचं आहे."

"एवढं कायले, बाई? मिटलं ना."

"मिटलं नाही. म्हणूनच आले."

ते हसले, पण मी उभीच राहिले, आणि माझ्या शेजारी वहिनी उभी राहिली, डोक्यावर पदर, हातात पिशवी. शेवटी त्यांनी मुनिमाला खूण केली. सात जण आले. पेट्या उचलणारे दारातच थांबले.

मी वाचलं. "देवमन इंगळे यांनी माझी पटकथा स्वतः टाइप केली, माझ्या नावाने दाखल केली. मी त्यांना चोर म्हटले. हा गैरसमज नव्हता. ते बौद्ध आहेत हे मला २६ सप्टेंबरला समजले. त्याआधी मला त्यांच्याविषयी एकदाही शंका आली नव्हती. त्यानंतर रोज येत होती. शेवटची ओळ मला सांगितली दुसऱ्याने, पण हाताने मी लिहिली. ती खोटी आहे आणि नीच आहे."

दारातल्या एका माणसाने डोक्यावरचा गमछा काढून खांद्यावर टाकला. टायपिस्ट खाली बघत होता. रामरावजी म्हणाले, "बरं. सांगा त्याले, सोमवारपासून ये म्हणावं." मी म्हणाले, तुम्ही सांगा.

बाहेर आल्यावर मी पायरीवर बसले. वहिनी म्हणाली, "घरी तुमच्या दादाले मी सांगीन. तुमी काही बोलू नका."

अकोला, २९ डिसेंबर

दादा पंधरा दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. वहिनीने त्याला काय सांगितलं ते तिने मला सांगितलेलं नाही. नत्थुजी येणं बंद झालं आहे.

इंगळे यांचं कार्ड आलं. "रामरावजींचा निरोप आला होता. गेलो नाही. १ तारखेपासून भुसावळला दुसऱ्या वितरकाकडे लागतो. दर रविवारी अमरावतीस असेन. 'सुईण' मी आणली हे धंद्यात सर्वांना माहीत आहे. ती मध्येच पडली तर माझाही शब्द पडतो. म्हणून नवीन दृश्य लिहिले की परस्पर पुण्याला न पाठवता माझ्याकडे पाठवा. आईला वाचून दाखवीन. ती हो म्हणाली तर पुढे जाईल."

२० जानेवारी १९६४

दृश्य परत आलं. मी आठ पानं लिहिली होती आणि मला वाटत होतं आजवरचं सगळ्यात चांगलं तेच. अंधारी खोली, चिमणीचा धूर, सुईण भिंतीला टेकून रडते.

खाली इंगळे यांच्या अक्षरात, आईने सांगितलं तसंच. "एवढा अंधार काहून केला? आमच्या घरी उजेड येते. आन ती बाई घरी येऊन रडत बसते तर सयपाक कोण करन? रडाले तिले दुसऱ्याचं घर नाई का? आमच्याइले पाहून गेली तशी लिहिली. आमाले इचारलं नाई."

अकरा दिवस राहिलेत. जेवले नाही.

अमरावती, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन करून पहाटेच्या गाडीऐवजी नऊच्या गाडीने निघाले. दादाने स्टेशनपर्यंत येऊन तिकीट काढून दिलं. बोलला नाहीच.

सुंदराबाईंसमोर वही उघडली नाही. म्हणाले, "विचारायला आले."

त्यांनी सुपात ज्वारी घेतली आणि अर्धी माझ्यापुढे ओतली. निवडता निवडता त्यांनी सांगितलं. त्यांच्या आत्याबाई सुईण होत्या. बाळंतीण सोडवून आल्या की आधी आंघोळ, मग दारात बसून पान. त्या पानाच्या वेळी घरातल्या कोणी काही विचारायचं नाही. मग त्या आपणच सांगायच्या, मुलगा की मुलगी आणि मोठ्या घरच्या सासूचं तोंड कसं पडलं, आणि तिची नक्कल करायच्या. "असं हसो आमी, पोट दुखाचं. गावातली एकूण एक मोठी बाई आमच्या वट्यावर येऊन गेली हाय, तिले मालूम नाई."

मी हसले. हसता हसता थांबले, कारण तेल्हाऱ्याच्या आमच्या सुईणीच्या ओट्यावर ती मोठी बाई माझी आजीसुद्धा असेल.

संध्याकाळपर्यंत तिथेच लिहिलं, पाच पानं. इंगळे यांनी वाचून दाखवलं. नकलेच्या जागी सुंदराबाईंनी दोनदा थांबवून हात कसा फिरवायचा ते दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "आता आपल्या घरात बसल्यावानी वाटते. धाड."

इंगळे यांनी तिथेच बसून पाकिटावर पुण्याचा पत्ता घातला.

अकोला, २० एप्रिल

बारा आठवडे टपालवाल्याची वाट पाहण्यात गेले. मार्चमध्ये पुण्याहून एक पत्र आलं होतं, निर्मात्याचं, की सुईणीऐवजी सरपंचाची आई दाखवली तर लोकांना रुचेल. मी रात्रभर, नाही, दोन दिवस विचार केला आणि हो लिहायला बसले. खरंच बसले होते. मग आधी इंगळे यांना विचारलं. त्यांचं उलट टपाली उत्तर, "काही लिहू नका. मी जातो." ते रजा काढून पुण्याला गेले. तिथे काय बोलले ते ठाऊक नाही.

आज शाळेत आले. करारनामा घेऊन. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या खोलीत बसायला जागा दिली. एकेक कलम त्यांनी मला वाचून दाखवलं. चित्रपटात लेखिकेचं नाव स्वतंत्र पाटीवर येईल. सुईण सुईणच राहील, तिचं घर कापायचं नाही. शूटिंग दिवाळीनंतर. शेवटच्या कलमात लेखिकेच्या वतीने बोलण्याचा अधिकार देवमन इंगळे यांना, लेखिकेला मान्य असल्यास.

मी सही केली. शाई वाळेपर्यंत थांबलो.

मग मला राहवलं नाही. म्हणाले, "आता तरी तुमच्या मनातून ते गेलं का?"

त्यांनी कागदाची घडी घातली, पाकिटात ठेवली, पाकीट पिशवीत.

"ते वेगळं हाय, बाई. हे काम हाय." पिशवी खांद्याला लावून उठले. "दुसरी पटकथा कधी देता?"

मला रडू येत होतं आणि त्यांना गाडी गाठायची होती.

"जूनपर्यंत," मी म्हणाले.